रिकाम्या गाडीचं वजन

मी तोलते. एकोणीस वर्षं हेच काम.
ट्रक काट्यावर चढतो, मी भरलेलं वजन लिहिते,
तो मागे जाऊन मका ओतून येतो,
मी रिकामं वजन लिहिते.
वजाबाकी म्हणजे मका.
बाकी सगळं लोखंड, डिझेल
आणि शेजारच्या सीटवर झोपलेलं कुत्रं.

ब्रिटा सहा वर्षांची असताना म्हणाली होती,
कुत्रं दोन्ही वेळा मोजलं गेलं
तर ते हिशोबात येतच नाही ना, आई?
तेव्हाच ओळखायला हवं होतं मी.

आता टेबलावर तीन पत्रं,
मिठाच्या बरणीखाली दाबलेली,
कारण पश्चिम कॅन्ससचा वारा दार विचारत नाही.
एक इथलंच, चार तासांवरचं:
दोन वर्षं, मास्टर्स, प्रबंधासह किंवा प्रबंधाविना.
एक कॅलिफोर्नियाचं: पाच वर्षं, पीएच.डी.,
फी माफ, वर महिन्याला पगार,
पण पहिल्या उन्हाळ्यात परीक्षा,
आणि ती हुकली
तर मास्टर्स हातात ठेवून निरोप.
तिसरं हॉलंडचं.
तिथे म्हणे पाणी फार झाल्याचं अर्थशास्त्र शिकवतात.
त्यावर हार्लन त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला.

हार्लन विहिरी मोजतो.
जानेवारीत, पंप बंद असतात,
पाणी जरा टेकलेलं असतं, तेव्हा.
पोलादी फीत, टोकाला निळा खडू फासलेला,
सोडत जायची, सोडत जायची,
मग गुंडाळत वर घ्यायची
आणि बघायचं खडू कुठवर ओला झालाय.
यंदा ब्रिटा गेली सोबत, वही धरायला.
रेम्पेलांच्या विहिरीवर एकशे त्र्याऐंशी फूट.
गेल्या साली एकशे एक्क्याऐंशी.
ती म्हणाली, परत एकदा बघूया का?
त्याने परत खडू फासला.
एकशे त्र्याऐंशी.

रात्री सूप पिता पिता तिने
कॅलिफोर्नियाच्या पाकिटामागे आकडे मांडले.
आजचे शंभर आणि पन्नास वर्षांनंतरचे शंभर
सारखे नसतात, बाबा. पाच टक्के दर धरला
तर तेव्हाचे शंभर म्हणजे आजचे
आठ डॉलर बहात्तर सेंट.
हार्लनने पाकीट उजेडात धरलं,
कोपऱ्यावर निळं बोट उमटलं.
म्हणजे तुझ्या नातवाचं शंभराचं पाणी
मी आज पावणेनऊला पिऊन टाकू शकतो?
दर किती धरतो त्यावर आहे.
धरतं कोण?
ती चमच्याने सूप ढवळत राहिली.
गार झालेलं सूप कोण ढवळतं?

मला काट्याचं ठाऊक आहे.
वर्षातून एकदा सरकारी माणूस येतो,
गाडीतून प्रमाणित वजनं उतरवतो, काट्यावर रचतो,
दोन पौंडांचा फरक निघाला तरी कपाळाला आठी,
मग सील मारतो.
त्या पाच टक्क्यांना सील कोण मारतं,
हे मी विचारणार होते.
पण भांडी पडली होती.

ऑगस्टमध्ये निघाली. निघताना हट्ट,
माझी गाडी काट्यावर घे.
पुस्तकं, गादी, आजीचा लोखंडी तवा,
आणि ती स्वतः, खिडकीतून हात काढून बसलेली.
चार हजार एकशे वीस पौंड.
मी पावती फाडली, नाव लिहिलं, तारीख लिहिली.
मालाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
तिने काचेपलीकडून ओरडून सांगितलं,
आई, तो सोड!
मग गाडी उतरली आणि पश्चिमेला वळली.

हॉलंडचं पत्र अजून बरणीखाली आहे.
हार्लनला टाकवत नाही, वाचवतही नाही.
पावती माझ्या खिळ्याला, सगळ्यात मागे.
नियमाने रिकामं वजन लिहिल्याशिवाय
ती मिटवता येत नाही.
परवा मॅनेजर चाळत होता,
म्हणाला, आर्डिथ, ही एक उघडीच राहिलीय.
राहू दे, म्हटलं,
गाडी अजून परत आलेली नाही.